मामांनी चावी काढली, पुढे काय?

वकीलताई,

मी मूळचा लातूरचा. दोन वर्षांपासून नोकरीसाठी एका मोठ्या शहरात राहतो. (शहराचं नाव छापू नका.) दुचाकी वडिलांच्या नावावर आहे, नंबर एमएच-२४. बाहेरचा नंबर दिसला की चौकात मामा हमखास बाजूला घेतात, हा आमच्या रूमवरच्या सगळ्यांचा अनुभव आहे.

गेल्या महिन्यात सकाळी ऑफिसला जाताना एका हवालदारांनी हात केला. मी गाडी बाजूला घेतोय तोवर दुसऱ्याने पुढे होऊन चावीच काढली. लायसन मागितलं. मी मोबाइलवर दाखवलं तर 'हा गॅलरीतला फोटो आहे, ओरिजिनल दाखव' म्हणाले. सरकारनेच मोबाइलवरचं चालतं असं सांगितलंय, असं मी म्हटलं आणि आवाज चढले. मग पीयूसी बघितली. ती दीड महिन्यापूर्वी संपली होती. 'दहा हजार होतील, बघ' म्हणाले. मी व्हिडिओ काढायला लागलो तर '३५३ लावीन, नोकरी जाईल' अशी धमकी मिळाली. शेवटी तीनशे रुपये दिले, पावती नाही, चावी परत. चार दिवसांनी वडिलांच्या मोबाइलवर त्याच सकाळचं सिग्नल तोडल्याचं चलान आलं. वडील वेगळेच चिडलेत.

चावी काढायचा त्यांना अधिकार आहे का? व्हिडिओ काढणं गुन्हा आहे का? चलान भरू की भांडू? माझी बहीणही आता इथेच नोकरीला येतेय, तिची शिफ्ट रात्री अकराला सुटते. तिला काय सांगू? आमच्या ग्रुपवर फिरणारा 'वाहनचालकांचे हक्क' हा मेसेज सोबत पाठवला आहे. तो कितपत खरा?

– हैराण दुचाकीस्वार

—

तुमचा सगळा राग चावीत अडकलेला दिसतो, म्हणून आधी तीच सोडवू.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. रस्त्यावर पोलिसांना काय काय करता येतं, हे त्यात बरंच तपशिलाने लिहिलेलं आहे. कागद खोटे वाटले तर ते ताब्यात घेता येतात, काही गुन्ह्यांत लायसन जप्त करता येतं, हे कलम २०६. लायसन नसताना, वय बसत नसताना, नोंदणी नसलेली किंवा लागणारा परवाना नसलेली गाडी कुणी चालवत असेल, तर गाडीच अडकवून ठेवता येते, हे कलम २०७. थांबणाऱ्या माणसाच्या गाडीची चावी उपसून खिशात घाला, असं सांगणारं कलम मात्र त्यात नाही. गाडी कायदेशीरपणे जप्त होत असेल तर चावी अर्थातच गाडीबरोबर जाते. पण मग जप्तीची पावती तुमच्या हातात यायला हवी. 'आधी चावी, मग बोलू' ही पद्धत म्हणजे नुसती सवय आहे.

ही सवय लागली कशी, तेही ऐका. नाकाबंदीत हात केला की वेग वाढवून निसटणारे, पोलिसाला फरफटत नेणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. २०१६ मध्ये मुंबईत खारच्या एका पेट्रोल पंपावर विलास शिंदे या वाहतूक हवालदारांनी विनाहेल्मेट दुचाकीवरच्या अल्पवयीन मुलाला थांबवलं. त्या मुलाच्या मोठ्या भावाने येऊन त्यांच्या डोक्यात वार केला आणि आठवडाभराने ते गेले. चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात हे असतं. त्यामुळे चावी काढणं कायदेशीर ठरत नाही. पण समोरच्याला तुम्ही पळणार नाही एवढी खात्री पटली, तर निम्म्या वेळा चावीपर्यंत गोष्ट जातच नाही. इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, चावी स्वतःच काढून हातात धरा, हेल्मेटची काच वर करा. तरीही चावी गेलीच, तर झोंबाझोंबी नको. 'साहेब, गाडी जप्त करताय का? करत असाल तर पावती द्या, नसाल तर चावी द्या.' एवढंच म्हणायचं, आवाज न चढवता. हा प्रश्न मी शिकवलेल्या बऱ्याच जणांना उपयोगी पडला आहे, कारण त्याला हो किंवा नाही असंच उत्तर द्यावं लागतं.

आता तुम्हाला आवडणार नाही असा भाग. लायसनच्या बाबतीत हवालदार बरोबर होते.

'फोटो असला तरी लायसन माझंच आहे ना' असं तुम्ही म्हणाल. असेल. पण गॅलरीतल्या फोटोवर नाव आणि तारीख बदलायला आजकाल पाच मिनिटं पुरतात, आणि त्यावरून लायसन निलंबित आहे की चालू, हे कळत नाही. २०१८ मध्ये केंद्राने नियम बदलून कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवायची मुभा दिली, ती डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या अ‍ॅपमधून दाखवलेल्या कागदांना. तिथली नोंद थेट परिवहन खात्याच्या माहितीतून येते आणि पोलिसाला ती ताडून बघता येते. पुढे ऑक्टोबर २०२० पासून नियमात असंही आलं की अशी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रं ग्राह्य ठरली, तर पुन्हा कागदी प्रत मागू नये. म्हणजे तुम्ही डिजिलॉकर उघडलं असतं, तर 'ओरिजिनल दाखव' म्हणणारे हवालदार चुकीचे ठरले असते. तुम्ही गॅलरी उघडलीत. झेरॉक्स, स्क्रीनशॉट आणि मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ यांचीही गत तीच.

गाडी वडिलांची असली तरी आरसी आणि विमा एम-परिवहनमध्ये गाडीचा नंबर आणि चॅसीचे शेवटचे आकडे घालून जोडून घेता येतात. घरी, वायफायवर बसून हे करा. भर चौकात नेटवर्क शोधत उभं राहायचं आणि मागे मामांनी घड्याळ बघायचं, यात कुणाचाच मूड चांगला राहत नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर लायसनचं प्लास्टिक कार्ड पाकिटात असावंच. मोबाइलची बॅटरी नेमकी नाकाबंदीतच संपते, हा माझ्या अशिलांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

मग आली पीयूसी आणि ते दहा हजार. हा आकडा हवेतून आलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या कलम १९०(२) मध्ये 'दहा हजार रुपयांपर्यंत' दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसनवर गदा, अशी तरतूद आहे. पण 'पर्यंत' हा शब्द चौकात कुणी उच्चारत नाही. दहा हजार ही कोर्टाची कमाल मर्यादा झाली. जागच्या जागी मिटवायचं तर कलम २०० खाली राज्य सरकार प्रत्येक गुन्ह्याचं तडजोड शुल्क ठरवून देतं आणि पोलिसाच्या हातातल्या ई-चलान यंत्रात कलम निवडलं की रक्कम दिसते. ती कमी-जास्त करणं त्याच्या हातात नसतं. तिथे घासाघीस सुरू झाली की समजायचं, आता बोलणं चलानाचं राहिलेलं नाही.

सगळी चिरीमिरी याच फटीतून चालते. कमाल दंडाचा आकडा सांगून घाबरवायचं, मग त्याच्या तीन टक्के मागायचे, आणि देणाऱ्यालाही स्वस्तात सुटल्यासारखं वाटतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. त्या एका म्हणीने चौकाचौकांत किती पैसे फिरवले असतील देव जाणे. पायरी चढायची वेळ मुळात फार क्वचित येते. चलान काढा म्हणायचं, ते गाडीच्या नावावर चढतं, पैसे घरी जाऊन ऑनलाइन भरता येतात. खिशात रोकड नसणं हा गुन्हा नाही. 'पावती फाडा साहेब' या तीन शब्दांनी तुमचा खर्च कदाचित वाढला असता, पण हाती कागद आला असता. त्या कागदाची किंमत पुढे चलानाच्या बाबतीत कळेल.

आता त्या तीनशे रुपयांबद्दल स्पष्टच बोलते. २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे. ज्याला देणं भाग पाडलं गेलं त्याला सूट आहे, पण त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवायला हवं. तुमचं पत्र माझ्याकडे येईपर्यंत ती मुदत उलटून गेली. म्हणून ही हकिकत फेसबुकवर स्वतःच्या नावानिशी लिहू नका, आणि लेखी तक्रार करायचीच असेल तर आधी एखाद्या वकिलाला भेटून मजकूर नीट करून घ्या. पुढच्या वेळी कुणी उघड पैसे मागितले, 'उद्या आणून दे' म्हणाले, कागद अडकवून ठेवले, तर द्यायच्या आधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. आधी कळवून मग सापळ्यासाठी पैसे देणाऱ्याला कायदा गुन्हेगार धरत नाही. चौकातल्या तीनशेसाठी सापळा लागत नाही, हे मलाही माहीत आहे. तिथे 'पावती' हाच उपाय.

व्हिडिओचं काय? सार्वजनिक रस्त्यावर कर्तव्यावर असलेल्या पोलिसाचं चित्रीकरण करू नये, असं मोटार वाहन कायदा कुठेही म्हणत नाही. रस्ता तर सोडाच, पोलिस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून शासकीय गुपितांच्या कायद्याखाली एकावर गुन्हा नोंदवला होता. तो २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला. पोलिस ठाणं हे त्या कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

'३५३' ही जुनी भारतीय दंड संहितेतली धमकी. ती संहिता १ जुलै २०२४ ला गेली. त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ आलं, तरी तोंडात जुनाच आकडा आहे, पोलिसांच्याही आणि वकिलांच्याही. वर्तमानपत्रात 'शासकीय कामात अडथळा' म्हणून छापून येतं ते बहुतेक वेळा हेच. या कलमाला हल्ला किंवा फौजदारी स्वरूपाचा बळाचा वापर लागतो. तोंडाने प्रश्न विचारणं म्हणजे बळाचा वापर नव्हे. २०१५ मध्ये बंगळुरूचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. अपघातानंतर वाहतूक पोलिस ठाण्यात वाईट वागणूक मिळाली, अशी तक्रार एका जोडप्याने पोलिसांच्याच फेसबुक पानावर लिहिली, तर त्यांच्यावर थेट ३५३ लावलं गेलं. न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला.

तरीही तुम्हाला सांगते, मोबाइल समोरच्याच्या नाकासमोर नाचवू नका. कलम १३२ अजामीनपात्र आहे. ते चुकीचं लावलं गेलं हे ठरायला काही वर्षं लागतात आणि तोवर तारखा तुम्हालाच पडतात. रेटारेटीत तुमचा हात त्यांच्या गणवेशाला लागला, एखादं बटण तुटलं, की चित्रच पालटतं. मोबाइल छातीशी धरा किंवा गाडीच्या होल्डरवर राहू द्या, दोन पावलं मागे उभे राहा आणि 'साहेब, मी रेकॉर्ड करतोय' हे एकदा सांगा. टोमणा मारायचा नाही, समालोचन करायचं नाही. आणि तो व्हिडिओ त्याच संध्याकाळी रील करून टाकण्यापेक्षा जपून ठेवा, वरिष्ठांकडे तक्रारीला जोडा. नेमप्लेट वाचा, वेळ आणि चौक लिहून ठेवा. वाद घालायचा तो लेखी, आणि त्यांच्या वरिष्ठांपुढे. चौकात फक्त पुरावा गोळा करायचा. वाहतूक शाखेच्या उपायुक्तांकडे साधा अर्ज देता येतो. पैसे उकळणं, बेकायदा अडकवून ठेवणं असं गंभीर काही असेल तर राज्य पोलिस तक्रार प्राधिकरण आहे.

तुमचा तो फॉरवर्ड मी वाचला. दर पावसाळ्यात तो नव्या नावाने उगवतो. त्यात म्हटलंय की साध्या कॉन्स्टेबलला लायसन मागता येत नाही, फौजदारच लागतो. खोटं. कलम १३० मध्ये 'गणवेशातला कोणताही पोलिस अधिकारी' असे शब्द आहेत, त्यात कॉन्स्टेबल येतो. गणवेश मात्र हवा. साध्या वेशातल्या माणसाला किंवा शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या ट्रॅफिक वॉर्डनला लायसन दाखवायला तुम्ही या कलमाने बांधलेले नाही. वॉर्डनने गाडी थांबवली तर हुज्जत घालू नका, शेजारी पोलिस असतोच, त्याच्याशी बोला.

'नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही' हे त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. कलम २०२ खाली, या कायद्यातला गुन्हा केलेल्या माणसाने नाव-पत्ता द्यायला नकार दिला तर त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. विचार करा, पीयूसी संपलेली आणि वर नाव सांगायला नकार, एवढ्या कारणावरून थेट अटक, आणि ती कायदेशीर. हे मेसेज लिहिणारे परदेशी चित्रपट जास्त बघत असावेत. गप्प राहण्याचा हक्क आपल्याकडेही आहे, तो स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा. नाव लपवण्याचा नाही.

'तोंडात फुंकायला नकार द्या' हेही तसंच. दारू प्यायल्याचा वाजवी संशय असेल तर श्वासचाचणी मागता येते, नकार दिलात तर अटक होऊ शकते आणि तो नकारच खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरता येतो. स्वच्छ पाइप मागा. यंत्रावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्याची छापील चिठ्ठी मागा. मर्यादा शंभर मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. अटक झाली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. हा खरा हक्क, आणि तो त्या मेसेजमध्ये नाही!

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये अचूक आहे, आणि तीच सगळे विसरतात. कायदा राबवणाऱ्यांनीच कायदा मोडला तर त्यांना दुप्पट दंड, हे कलम २१०ब २०१९ पासून खरंच आहे. विनाहेल्मेट जाणारा पोलिस दिसला तर ते त्याला चौकात ऐकवू नका, फोटोसह महाट्रॅफिक अ‍ॅपवर कळवा.

बहिणीबद्दल. रात्री नाकाबंदी लागली तर तिने थांबायचंच. वेग वाढवून निघून जाणं सगळ्यात धोक्याचं, आणि आदेश न मानल्याचा कलम १७९ चा दोन हजारांपर्यंतचा दंड वेगळा. पण अंधारातच थांबलं पाहिजे असं नाही. इंडिकेटर चालू करून, वेग कमी करून, हात दाखवून, पुढच्या दिव्याखाली किंवा पेट्रोल पंपासमोर थांबली तर कुठलाही समंजस पोलिस त्याला पळणं म्हणणार नाही. एकटाच माणूस उभा आहे, गाडी नाही, बॅरिकेड नाही, गणवेशाबद्दल शंका आहे, अशा वेळी गाडी चालू ठेवून, अंतर राखून ११२ ला फोन करायचा आणि इथे नाकाबंदी आहे का, असं विचारायचं. तिची अंगझडती फक्त महिलाच घेऊ शकते. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलिस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी, असा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा दंडक आहे. 'ठाण्यात चल' असं कुणी म्हणालं तर 'मला अटक करताय का, महिला अधिकारी कुठे आहेत?' हे विचारायचं आणि घरी लोकेशन पाठवायचं. लायसन, आरसी, विमा, पीयूसी दाखवायला मात्र तिनेही खळखळ करायची नाही. एक तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही: मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. 'जवळच जातोय' ही सबब कायद्यात नाही.

आता चलान. त्या सकाळी तुम्ही सिग्नल तोडला होता का, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. वडिलांनी विचारलं असेल तर त्यांना काय सांगितलंत, तेही नाही.

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायच्या आधी थांबा. खोट्या चलानांचा सध्या सुळसुळाट आहे. 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, ती उघडली की बँक खातं रिकामं. खरं चलान फाइल म्हणून येत नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं ई-चलान संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा किंवा महाट्रॅफिक अ‍ॅप घ्या, गाडीचा नंबर आणि चॅसी क्रमांकाचे शेवटचे आकडे घाला. चलानासोबत फोटो असतो, तो मोठा करून बघा. नंबर तुमचाच आहे का, तीन आणि आठमध्ये गफलत झाली आहे का, गाडी थांबा-रेषेच्या पुढे आहे का, सिग्नलचा दिवा दिसतोय का, वेळ आणि चौक जुळतो का. फोटो सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचा आहे की कुणीतरी मोबाइलवर टिपलेला, तेही बघा. पोलिसांनी आपल्या खासगी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे आणि मग सवडीने चलान चढवायचं, ही पद्धत बंद करा, असा आदेश राज्याच्या वाहतूक पोलिस मुख्यालयाने २०२५ मध्ये काढला आहे.

फोटोत तुमची गाडी, लाल दिवा आणि पलीकडे गेलेलं चाक स्पष्ट असेल तर पैसे भरा आणि विषय संपवा. हवालदाराने घेतलेल्या तीनशेंचा आणि या चलानाचा कायद्याच्या नजरेत काहीच संबंध नाही. त्या सकाळी त्याच सिग्नलची पावती तुम्ही घेतली असती तर 'एकाच गुन्ह्याला दोनदा दंड नको' म्हणून हे दुसरं चलान रद्द करून मागता आलं असतं. आता सांगायचं काय, की आधी लाच दिली होती?

फोटो चुकीचा असेल तर अ‍ॅपवर तक्रार नोंदवा, आरसी आणि त्या दिवशीचा काही पुरावा जोडा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. त्यांनी दाद दिली नाही तर न्यायालयापुढे म्हणणं मांडायचा मार्ग खुला राहतो. थकलेल्या चलानांसाठी लोकअदालतीच्या नोटिसा मोबाइलवर येतात, तिथे तडजोडीत रक्कम कमी होऊ शकते. पण सूट मिळेल म्हणून मुद्दाम चलानं साठवून ठेवणारे मला आवडत नाहीत. गाडी विकायला काढली की ती सगळी एकदम वर येतात.

एमएच-२४ मुळे अडवतात, ही तुमची तक्रार मला पटते. बाहेरचा नंबर म्हणजे घाईतला, चौक न ओळखणारा आणि ओळखीपाळखी नसलेला गिऱ्हाईक, हा हिशेब सगळीकडे चालतो. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी राज्यात कुठेही चालवता येते, नवा नंबर घ्यायची गरज नाही. कुणी 'इथला पासिंग कर' म्हणालं तर कोणत्या कलमाखाली, असं शांतपणे विचारा.

या आठवड्यात करायचं ते असं: उद्याच पीयूसी काढा. त्याला पेट्रोल पंपावर दहा मिनिटंही लागत नाहीत आणि ती नसेल तर वरचं सगळं शहाणपण पहिल्या चौकातच संपतं. डिजिलॉकरमध्ये परिवहन खात्याच्या नोंदीतून लायसन ओढून घ्या (फोटो चढवू नका) आणि गॅलरीतला तो फोटो काढून टाका. परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर गाडीच्या नोंदीतला मोबाइल नंबर बदलून स्वतःचा घाला. त्यासाठी वडिलांच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तेव्हा त्यांच्याशी बोलावंच लागेल. चलान अजून भरलेलं नसेल तर त्याच फोनवर तेही मिटवून टाका.